हॉपकिन्स खोऱ्यात थारच्या मागे, साध्या स्कोपने

माझ्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा एक व्रण आहे. आईला सांगितलंय की कपाटाचं दार लागलं. खरी गोष्ट अशी की दोन वर्षांपूर्वी इथे न्यूझीलंडमध्ये पोटावर पडून वरच्या कड्यावरच्या थारवर (हा एक रानबकरा) नेम धरताना मान ताणली गेली आणि डोळा स्कोपला, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीला, जवळजवळ चिकटला. गोळी सुटली, रायफल मागे आली आणि स्कोपच्या कडेने भुवई फोडली. थार अर्थातच पळाला. रक्त पुसत खाली उतरताना शेजारी म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं." दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी कुठे आणि कसं ते. भारतात 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. आमच्या कुडाळकडे आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, पण ती मी फक्त भिंतीवर पाहिली. न्यूझीलंडचं गणित उलटं. इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हिमालयातला थार 1904 मध्ये माउंट कुकजवळ आणून सोडला, त्याला खाणारं कोणी नाही, आणि तो डोंगरावरच्या वनस्पतींचा फडशा पाडतो. म्हणून सरकारी जमिनीवर शिकारीची परवानगी ऑनलाइन आणि फुकट मिळते. बंदुकीचा परवाना मात्र फुकट नाही, सोपाही नाही: सुरक्षेचं शिक्षण, परीक्षा, घरी येऊन मुलाखत, बंदूक ठेवायच्या कपाटाची तपासणी. त्याला महिने लागतात, तेव्हा मोसमाच्या तोंडावर अर्ज करू नका.

या जूनमध्ये आम्ही तिघं निघालो. मी, शेजारी (पासष्टीचा, जन्मभर मेंढ्या पाळलेला), आणि आमचे नाशिककर, ज्यांचा परवाना मार्चमध्ये हातात आला होता. क्राइस्टचर्चहून ट्वायझल चार तासांचं. तिथे डिझेल भरून ओहाऊ तलावाच्या कडेने रुआटानिव्हा कॉन्झर्व्हेशन पार्कात. तलावाला वरून येऊन मिळते ती हॉपकिन्स नदी. पुढचा रस्ता म्हणजे नदीचं पात्र. फोर व्हील ड्राइव्ह असली तरी प्रत्येक ठिकाणी उतरून पाणी काठीने मोजा. वायव्येचा वारा सुटला की पलीकडे पाऊस पडतो आणि इकडे नदी चढते, त्यामुळे एका दिवसाचं जादा जेवण असू द्या. मे-जून निवडायचं कारण म्हणजे नरांची आयाळ तेव्हा पूर्ण भरलेली असते आणि माजाचा काळ असल्यामुळे ते माद्यांच्या कळपात दिसतात.

आता स्कोप. नाशिककरांनी दुकानात जाऊन 5-25x56 (झूम पाच ते पंचवीसपट, पुढचं भिंग 56 मिलिमीटरचं) उचलायचं ठरवलं होतं. मी पण पहिल्यांदा तसलाच घेतला होता, किलोभर वजनाचा. मोठा आकडा म्हणजे जास्त दिसणार, असं कोणालाही वाटतं. डोंगरावर उलटं होतं. पंचवीसपटीवर इतका छोटा तुकडा दिसतो की समोरच्या कड्यावरचा प्राणी सापडतच नाही. नुसता दगड, दगड, गवत, पुन्हा दगड. शिवाय धडधडणारं काळीजही पंचवीसपट दिसतं. आणि संध्याकाळी, म्हणजे थार बाहेर पडतात नेमकं तेव्हा, काळोख. पुढच्या भिंगाचा व्यास झूमने भागा: 56 भागिले 25 म्हणजे सव्वादोन मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येणार. माझ्या साध्या 3-9x40 वर सहापटीला तोच आकडा साडेसहाच्या वर जातो. अंधारात उघडलेली बाहुली पाच ते सात मिलिमीटरची, म्हणजे झोत पुरतो. वजन चारशे ग्रॅमच्या आत. पैसे काचेवर घाला, आकड्यावर नको. नाशिककरांनी ऐकलं, पण "हे फार साधं वाटतंय हो," असं गाडीत दोनदा म्हणाले.

खुणांची रेटिकल (काचेत दिसणारी नेमाची फुली) घेणार असाल तर एक विचारून घ्या: फुली पहिल्या फोकल प्लेनमध्ये आहे की दुसऱ्या? पहिल्यात ती झूमबरोबर लहानमोठी होते, दुसऱ्यात तेवढीच राहते. दुसऱ्यात असेल तर खालच्या खुणा एकाच झूमवर, बहुधा सर्वात मोठ्या झूमवर, खऱ्या ठरतात. तीनशे मीटरच्या आत मारणाऱ्याला साधी फुली भरपूर झाली.

स्कोप रायफलवर बसवणं मी घरी केलं आणि तिथेच माती खाल्ली, ते पुढे येईल. पद्धत अशी: स्कोप धरणाऱ्या रिंगा सैल ठेवून रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल, काळी कडा नसलेलं चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवायचा. डोळा आणि काच यांत नऊ सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहतं. हेच पोटावर पडून, वर नेम धरून पुन्हा करा, कारण तेव्हा डोळा पुढे सरकतो. (माझी भुवई.) फुली पांढऱ्या भिंतीकडे बघत मागच्या काचेने स्पष्ट करून घ्या आणि ती काच परत फिरवू नका.

रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) आधी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) काढून नळीतून 25 मीटरवरचा कागद बघायचा आणि फुली तिथे आणायची. म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर लागते. पुढे शंभरावर. एका गोळीवर स्कोपचं टरेट (नेम सरकवायची चकती) फिरवू नका, तीन मारा आणि त्यांचा मध्य धरा. टरेटची पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक शंभर मीटरवर सव्वासात मिलिमीटर सरकवते. आम्ही .308 रायफल दोनशे मीटरला शून्य केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी फुलीवरच लागेल अशी. तेव्हा शंभरावर गोळी पाचेक सेंटिमीटर वर लागते आणि तीनशेला वीतभर खाली.

पहिल्या दुपारी ओढा ओलांडताना मी घसरलो आणि रायफल दगडावर आपटली. स्कोपवर ओरखडासुद्धा नव्हता. "काही झालं नाही," मी म्हणालो. शेजाऱ्याने ऐकलं नाही. मातीच्या उंच काठासमोर शंभर मीटरवर कागद लावायला लावला. तीन गोळ्या जवळजवळ पडल्या, पण सगळ्या अकरा सेंटिमीटर डावीकडे. नाशिककरांचा हात लगेच टरेटवर. "पंधरा क्लिक उजवीकडे, बरोबर?" हिशेब बरोबर होता. शेजाऱ्याने मात्र त्यांचा हात बाजूला केला, स्कोप मुठीत धरला आणि हलवला. किंचित टक् असा आवाज आला. बेसचा (स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीचा) पुढचा स्क्रू मी घरी अंदाजाने आवळला होता, तो सैल झाला होता. पंधरा क्लिक फिरवल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी तो आणखी कुठेतरी सरकला असता. स्क्रू आवळला, परत तीन गोळ्या, मग दोनच क्लिक लागल्या. तेव्हा चावी आणि दहा जादा काडतुसं बरोबर हवीतच. घरी टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरा, मित्राचा मागून आणा.

त्या रात्री आणखी एक. कडाक्याच्या थंडीतून रायफल हटमधल्या शेगडीजवळ आणली की काचेवर बाहेरून धुकं धरतं आणि पहाटे बाहेर नेलं की त्याचाच बर्फ होतो. बोल्ट काढून खिशात ठेवायचा, रायफल दाराकडच्या थंड कोपऱ्यात, आपल्या नजरेसमोर. काच जॅकेटच्या बाहीने पुसू नका, फुंकरही मारू नका. रबरी झाकण आम्ही बाहेर ओट्यावर विसरलो आणि सकाळी एक किआ पोपट शांतपणे त्याच्या पट्ट्या सोलत बसला होता. त्याला हाकललं तर तो झाकण घेऊन दोन पावलं लांब गेला आणि पुन्हा कामाला लागला.

दुसऱ्या संध्याकाळी घळीच्या पलीकडे नर दिसला. वाऱ्यात आयाळ उडत होती. रेंजफाइंडर 240 मीटर दाखवत होता, चढ 35 अंशांचा. इथे बरेच जण चुकतात. गोळीला खाली ओढणारं अंतर आडवं धरायचं: 240 गुणिले 0.82, म्हणजे जेमतेम 197. दोनशेचं शून्य, नेम सरळ. मी आडवा झालो, सॅक खाली घेतली, झूम सहावर. फुली खांद्यामागे स्थिर होती. आणि चाप नाही ओढला, कारण त्याच्या मागे आभाळ होतं. धारेपलीकडे कोण चालतंय ते मला दिसत नव्हतं. खालीही सरळ कडा, मेला असता तरी हाती लागला नसता. पाच मिनिटांनी तो धारेआड गेला. नाशिककर हळूच म्हणाले, "अरेरे." शेजारी काही बोलला नाही, त्याने थर्मास उघडला.

आणि हे नाशिककरांना दोनदा सांगावं लागलं: शोधायला दुर्बीण, स्कोप नव्हे. स्कोपमधून बघता तेव्हा रायफलही तिकडेच रोखलेली असते. समोरच्या हालचालीत दुसरा शिकारी निघाला तर?

तिसऱ्या सकाळी 160 मीटरवर एक मादी उभी राहिली, मागे मोकळं गवताळ उतरण. नाशिककरांची पाळी. "डोळा मागे," मी म्हणालो. त्यांनी श्वास सोडला आणि थांबले. गोळी खांद्यामागे लागली. ती तीन पावलं गेली आणि बसली. ते बराच वेळ गप्प होते. नंतर आम्ही तिघांनी मिळून मांस सोडवलं आणि दोन फेऱ्यांत खाली आणलं. भुवई शाबूत होती.

थारचं मटण बकऱ्यासारखं समजून शिजवू नका. मालवणी मसाल्यात रात्रभर मुरवलं तरी कुकरच्या सात शिट्ट्यांनंतर ते चिवटच होतं. नाशिककरांनी फोनवर आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून पाच होऊ दे."