कंपवातात पेटी शिकताना: आधी भाता, मग बोटं

मांडी घालून नको. पेटी टेबलावर, कोपराच्या उंचीला. लेव्होडोपाची (कंपवातावरच्या औषधाची) गोळी लागू पडलेली असते त्याच वेळेत बसावं. सुरुवातीला २० मिनिटं पुष्कळ.

खरी अडचण थरथरीची नाही. ती बहुधा हात विसावलेला असतानाच जास्त दिसते. अडचण आहे हालचाल आक्रसण्याची. भाता थोडा वेळ नीट चालतो, मग नकळत अर्ध्यावरच थांबायला लागतो आणि आवाज पडतो. त्यात उजव्या हाताची बोटंही सांभाळायची म्हटलं की दोन्हींतलं एक सुटतंच. म्हणून आधी नुसता 'सा' धरा, मोठ्याने मात्रा मोजत भाता पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. मग सारेगमप, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६०वर, प्रत्येक पट्टी तळापर्यंत दाबून. बोटं अडखळली तर रेटू नका; थांबा, पुढची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) पकडा. घाई करणारा शिक्षक असेल तर सरळ बदला.