सरावाच्या मैदानाचे नाव

नवी मुंबईतील नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, तेव्हा सरावासाठी जवळचेच यशवंतराव चव्हाण मैदान तयार करण्यात आले होते. सामन्यांच्या आठवणी आजही निघतात. सरावाच्या मैदानाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाच्या कार्टियर फील्ड या फुटबॉल मैदानाचा इतिहास वाचल्यापासून ही उपेक्षा मला अधिकच खटकू लागली आहे.

तिकडचा फुटबॉल हा चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ आहे. वॉरन कार्टियर हे या विद्यापीठाचे 1887 सालचे पदवीधर आणि मिशिगनमधील लाकडाचे व्यापारी. एकोणिसावे शतक सरता सरता त्यांनी मैदानाच्या कुंपणासाठी व प्रेक्षकांच्या बैठकीसाठी लाकूड दिले आणि मैदानाला त्यांचे नाव मिळाले. 1905 मधील एका पराभवानंतर विद्यापीठाचा संघ तेथे तब्बल 23 वर्षे हरला नाही. हरला तो थेट नोव्हेंबर 1928 मध्ये, तेथील अखेरच्या सामन्यात. 1930 मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले, तेव्हा प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या आग्रहावरून जुन्या मैदानातील हिरवळ मुळांसकट, मातीच्या थरासह काढून नव्या जागी अंथरण्यात आली. सामने तिकडे गेले, सराव मात्र कार्टियर फील्डवरच चालू राहिला. पुढे त्या जागेवर विद्यापीठाचे भव्य ग्रंथालय झाले, ते 1963 मध्ये खुले झाले. तरीही मैदान स्टेडियमच्या पूर्वेला हलवताना जुने नाव सोबत नेण्यात आले. फुटबॉलच्या सरावासाठी लाबार यांच्या नावाचे वेगळे संकुल झाले, ते 2008 मध्ये.

लाकूड देणाऱ्याचे नाव जागा बदलल्यावरही इतकी दशके जपले गेले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. आपल्याकडे तर प्रत्यक्ष जमीनच गेली आहे. 1970 साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाल्यावर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यांत आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती होती, मिठागरे होती. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून येथील भूमिपुत्रांनी एवढा मोठा लढा का दिला, हे त्यावरून समजते. यशवंतराव चव्हाणांसारख्या नेत्याचे नाव मैदानाला असणे उचितच आहे. त्याच पाटीवर, हे मैदान कोणत्या गावाच्या शिवारात आहे आणि येथे पूर्वी काय पिकत होते, एवढ्या दोन ओळी महानगरपालिकेने शहरातील प्रत्येक मैदानावर लिहाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.