एग्मोरचं गोल चर्च

तंजावरची गाडी रात्रीची होती. चेन्नईच्या उकाड्यात एग्मोर स्टेशनवर घाम गाळत बसण्यापेक्षा जवळच्या सेंट अँड्र्यूज कर्कमध्ये गेलो. कर्क म्हणजे स्कॉटिश भाषेत चर्च. समोर उंच खांब, वर सुमारे 166 फुटांचा मनोरा. बाहेरून कंपनी सरकारच्या काळातली आणखी एक रुबाबदार इमारत, इतकंच. आत गेलो आणि थबकलो. चर्च चक्क गोल आहे!

सोळा खांबांवर पेललेला, पन्नास फुटांहून रुंद घुमट. आतून गडद निळा, त्यावर सोनेरी तारे. स्कॉटलंडवरचं आकाश आहे म्हणे ते. मान अवघडेपर्यंत बघत राहिलो.

1813च्या सनदेनंतर कंपनीने कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे स्कॉटिश पाळक नेमायला सुरुवात केली. नोकरीत स्कॉट लोक भरपूर होते, आणि त्यांना इंग्रजांच्या चर्चमध्ये पाहुण्यासारखं बसायचं नव्हतं. स्कॉट लोकांचा पंथ प्रेस्बिटेरियन, आणि या पंथाला बिशप मान्य नाही. पाळक आणि सभासदांमधले वडीलधारे मिळून कारभार पाहतात. तिन्ही शहरांत त्यांनी सेंट अँड्र्यूजच्याच नावाने चर्च बांधलं. मुंबईचं लायन गेटजवळ आहे. त्याच्यावरून कितीदा गेलोय, पण ते असं खिळवून ठेवत नाही.

मद्रासच्या चर्चची पायाभरणी 1818 सालची, उपासना सुरू झाली 1821 मध्ये. काम मेजर डी हॅविलँड या इंजिनिअरकडे होतं. इथली जमीन भुसभुशीत, म्हणून त्याने खाली ओळीने विहिरी उतरवल्या आणि एवढा डोलारा त्यांवर उभा केला. दोनशे वर्षं झाली, उभा आहे! गोल आकाराचं मला पटलेलं कारण साधं आहे: या पंथात उपदेश महत्त्वाचा, आणि गोलात कुणीच व्यासपीठापासून फार लांब पडत नाही. भिंतींवर मात्र स्कॉट अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिला आहेत. त्या वाचताना हे चर्च मुळात कुणासाठी बांधलं होतं, ते विसरता येत नाही.

पुढे 1947 साली अँग्लिकन (म्हणजे इंग्रजांच्या चर्चचे), मेथॉडिस्ट आणि इतर पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, तेही इथल्याच सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये. ते अँग्लिकनांचं कॅथीड्रलही डी हॅविलँडच्याच हातचं. कर्क नंतर चर्च ऑफ साउथ इंडियात सामील झालं. दोन्ही चर्चांचा बिशप आता एकच आहे.