आमची वाटचाल : सांगलीची जाळीची शाल

सांगलीत क्रोशाच्या शाली विणून विकणारं आमचं दुकान २००९ साली कापड पेठेत सुरू झालं. काम त्याआधीही चालू होतं, घरच्या माडीवर. रुखवतातली तोरणं, ताटावरचे रुमाल, पोलक्यांच्या लेसा, टीव्हीवर टाकायचे जाळीचे रुमाल हे सांगली-मिरजेच्या घराघरांत बायका करतच होत्या. हातांची कमतरता कधीच नव्हती. पण रुमालाला कोणी पैसे देत नाही, तो सगळ्यांना भेट म्हणून हवा असतो. शालीला मात्र गिऱ्हाईक पैसे मोजतं. हे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आधी ओळखलं. त्यांनी हिशेब मांडला, मी नमुने बसवले, आणि दोघींनी मिळून त्रिकोणी शाल धरली ती आजतागायत सोडलेली नाही.

चौकोनी शालीला पहिल्याच ओळीत रुंदी ठरवून लांबलचक साखळी घालावी लागते. त्रिकोणी शाल मानेच्या मध्यातून निघते. चार साखळ्यांचा गोल, त्यात खांब (सुईवर वेढा घेऊन घातलेले उंच टाके), मधोमध दोन साखळ्यांचं घर, आणि मग दर ओळीला दोन्ही टोकांशी व मधल्या कण्याशी वाढ. कोणत्याही ओळीवर थांबलात तरी हातात शालच असते. नाजूक चणीच्या बाईला ५५ ओळी पुरतात, उंच असेल तर ६५ लागतात. आमची नेहमीची शाल ६० ओळींची. वरची कड पावणेदोन मीटर, कण्यावर खोली ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास, वजन दोनशे ग्रॅम. अंगात गाठीसारखं काही टोचत नाही, खांद्यावरून घसरत नाही, आणि पदर वरून नीट घेता येतो.

नव्यानं धंद्यात येणाऱ्या मुलींना एक सांगून ठेवते. विणणाऱ्या बायकांची मजुरी ओळीवर कधीही ठरवू नका. पाचवी ओळ बोलता बोलता होते आणि साठाव्या ओळीला पाऊण तास जातो. त्रिकोण असा वाढतो की ६० ओळींच्या शालीत ४२ वी ओळ संपते तेव्हा कुठे निम्मी लोकर लागलेली असते. उरलेल्या १८ ओळी म्हणजे अर्धी शाल! आमच्या भागात काही ठेकेदार ओळीवर पैसे द्यायचे आणि बाई पन्नासाव्या ओळीला आली की शाल काढून घेऊन दुसरीकडून कड करून घ्यायचे. आम्ही पहिल्या दिवसापासून अख्ख्या शालीचे पैसे देतो, आणि कंगोऱ्याच्या कडेचे वेगळे. कडेसाठी लोकरही आधीच बाजूला काढून ठेवावी, दोनशेतली तीस ग्रॅम तरी. पिकॉटची, म्हणजे साखळ्यांच्या बारीक टोकांची, कड लोकर खाते. मधेच संपली आणि त्या लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालातली, मिळाली नाही, तर अख्खी शाल वाया. एकाच नंबरच्या रंगाचे दोन लॉट दिव्याखाली सारखे दिसतात आणि उन्हात वेगळे. लुधियानाहून माल मागवताना रंग नंतर बघा, आधी लॉट बघा.

सुयांबद्दल मी जरा जास्त बोलते असं घरचे म्हणतात, पण धंदा सुईवर उभा आहे. बाजारातल्या सुयांवर ४ मिमी लिहिलेलं असतं आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की ३.८ निघते. वीस बायका वीस सुयांनी विणत असतील तर वीस मापांच्या शाली तयार होतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक सुई मोजून घेतली जाते. ज्या बाईचा हात घट्ट तिला ४, जिचा सैल तिला ३.५, म्हणजे दोघींची वीण एका मापाला येते. ॲल्युमिनियमच्या सुईचा मुलामा आकड्याच्या आतल्या कडेला आधी झिजतो. डोळ्यांना दिसत नाही, पण नख फिरवलं की लागतं, आणि तिथे लोकरीचा एक-एक तंतू अडकून शालीवर रोंवा येतो. अशी सुई फेकावी, मोह धरू नये. बांबूची सुई हाताला हलकी लागते, पण सांगलीच्या पावसाळ्यात तिच्यावरून लोकर सरकत नाही. बारीक सुताच्या कामाला मात्र पोलादी सुईच हवी, अंगठ्यापाशी चपटी केलेली.

आणि ताण्याची चौकट. विणून झालेली शाल चुरगळलेल्या रुमालासारखी दिसते, जाळी उघडते ती ओली करून ताणल्यावर. आम्ही सुताराकडून सागवानी त्रिकोणी चौकटी करून घेतल्या आणि त्यात बोटभर अंतरावर स्टेनलेसच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या. साध्या चुका चालत नाहीत, गंजाचा डाग लोकरीतून निघत नाही. कंगोऱ्याचं एकेक टोक एकेका चुकेवर. खरी लोकर आणि सूत ओलं ताणायचं. ॲक्रिलिकला वाफ द्यायची, पण इस्त्री अधांतरी धरून. जरा जास्त वाफ लागली की ॲक्रिलिकचा जीव जातो. शाल लुळी पडते आणि पुन्हा कधी उभारी धरत नाही.

पुढची आठ-दहा वर्षं बरी गेली. प्रदर्शनांना जाऊ लागलो, पुण्यात भीमथडीला, मुंबईत महालक्ष्मी सरसला. ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत देशभरच्या बायकांनी मिळून क्रोशाच्या गोधडीचा विश्वविक्रम केला, ते वाचून आमच्या बायकांची मान ताठ झाली. बुधगाव, माधवनगर, कुपवाड इथून कामाला हात वाढत गेले.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

सांगलीकरांना पूर नवा नाही. २००५ च्या पुराची रेघ आमच्या दुकानाच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूनं तांबड्या रंगानं ओढून ठेवली होती. पेठेतल्या प्रत्येक दुकानात अशी रेघ होती, आणि प्रत्येकानं माल त्या रेघेच्या वर नेला होता. आम्हीही नेला. जुलैत हिवाळ्याची सगळी लोकर भरलेली असते. शिवाय दिवाळीसाठी तयार शालींचा गठ्ठा होता. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघेचा काही उपयोग राहिला नाही.

पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा गाळ घोट्याच्या वर होता. लोकर बुडाली तर धुऊन घ्यावी असं लांबच्या माणसाला वाटतं. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो पिळाच्या आत शिरतो. तीन-तीन पाण्यांतून काढलेली लडी वाळल्यावर झटकली की माती उडायची आणि विणताना सुईवर करकर वाजायची. खऱ्या लोकरीच्या लडींचा तर नमदा झाला, धागा सुटेना. गडद लाल रंग उतरून पांढऱ्यात गेला होता. तयार शालींतली एकही विकण्याजोगी राहिली नाही. सागवानी चौकटी फुगून सांध्यात उकलल्या. पोलादी सुयांवर गंज चढला, त्या आम्ही अंगणात बसून झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासल्या. तेवढ्या वाचल्या.

विम्याचा माणूस आला आणि वरच्या फळीवरचा माल 'धुऊन वापरण्याजोगा' असं लिहून गेला. मी त्याच्या हातात लडी दिली, हे विणून दाखवा म्हटलं. त्यानं हात पुसले. मिळालेल्या रकमेत शटरसुद्धा झालं नाही.

त्याहून मोठा घाव दुसऱ्याच ठिकाणाहून आला. मोठ्या शहरातला एक व्यापारी दोन वर्षं आमच्याकडून माल घेत होता. अननसाच्या नक्षीची आणि तीन साखळ्यांच्या पिकॉटची कड असलेली आमची शाल त्याला फार आवडायची. ही कड जाऊबाईंची. वाढ कण्यावर आली तरी अननस तुटत नाही, अशी त्यांनी किती रात्री उसवून उसवून बसवली होती. दुकानात गाळ असतानाच त्याचा फोन आला. नवरात्राचा माल कधी देता, एवढंच विचारलं. देता येणार नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणून ठेवला. डिसेंबरात पुण्याच्या एका प्रदर्शनात त्याच्या स्टॉलवर आमची शाल टांगलेली होती. तीच नक्षी, तेच रंग, यंत्रावर काढलेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : हातानं विणलेली क्रोशा शाल. आमची २,८०० ची, त्याची १,१००. आणि पाठीमागच्या मोठ्या फलकावर विणणाऱ्या हातांचा फोटो. तो फोटो आम्हीच त्याला पाठवला होता. हात आमच्या बुधगावच्या मावशींचे, अंगठ्याच्या बुडाशी भाकरीच्या तव्याचा चटका आहे तो सुद्धा स्पष्ट दिसत होता. मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आपला अंगठा बघत राहिल्या.

मी जाब विचारला. तो म्हणाला, नक्षी काय कोणाच्या बापाची असते का. पुढचे तीन महिने आमची गिऱ्हाइकं येऊन सांगायची, अहो हीच शाल तिकडे अकराशेला मिळते, तुम्ही फार लावता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, प्रदर्शनं बंद पडली, आणि त्याच्या शाली मात्र घरबसल्या मागवता येत होत्या. दुकान बंद करायचं असं घरात एकदा नक्की झालं होतं.

झालं नाही ते मिरजेच्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्या आमचं २०१० पासूनचं गिऱ्हाईक. पहिली शाल त्यांनी दवाखान्यातल्या एसीसाठी घेतली, आणि घेताना पर्समधून टेप काढून तिन्ही कडा मोजल्या होत्या. तेव्हापासून दर हिवाळ्याला एक, आणि नर्स निवृत्त झाली की तिच्यासाठी एक. पूर ओसरून आठवडाही झाला नव्हता तेव्हा त्या गाळातून दुकानात आल्या, उलट्या पडलेल्या बाकावर बसल्या आणि तीस शालींचे पूर्ण पैसे पुढ्यात ठेवले. पूरग्रस्तांच्या छावणीत राबलेल्या नर्सना द्यायच्या होत्या. म्हणाल्या, "रंग तुम्ही ठरवा, वेळ लागेल तेवढा घ्या, पण कड जाऊबाईंचीच हवी." त्या पैशांवर लुधियानाचा पहिला गठ्ठा आला. टाळेबंदीतही त्यांनी काम तुटू दिलं नाही. २०१० ची ती पहिली शाल त्या अजून वापरतात. मध्यंतरी कसरीनं एक घर खाल्लं होतं, ते आम्ही दोन खांब आणि एक साखळी घालून बुजवलं. कुठे ते आता मलाही सापडत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. क्रोशाचा खांब घालणारं यंत्र बाजारात नाही. सुयांवरची वीण यंत्र करतं, माग यंत्र चालवतं, पण क्रोशाची नक्कलच होते. यंत्रात शेकडो धागे शेजारी शेजारी उभे उतरतात आणि एकमेकांत अडकत कापड खाली येतं. हाताच्या शालीत सुरुवातीच्या गोलापासून शेवटच्या पिकॉटपर्यंत एकच धागा पुढे जात असतो. शेवटची गाठ सोडून ओढला तर शाल टाक्याटाक्यानं मागे उसवत जाते. ओळीचा माथा बघा, साखळीची पानं आडवी एकापुढे एक गेलेली दिसतील. आणि सगळ्यांत सोपं, कड बघा. यंत्राचं कापड सरळ पन्ह्यात निघतं, त्यातून त्रिकोण कातरावा लागतो, म्हणून निदान एका कडेला ओव्हरलॉकची शिलाई असते किंवा वर लेस शिवून ती झाकलेली असते. आमच्या शालीला कात्री लागते ती फक्त शेवटचं टोक कापायला.

हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात, त्यांनाही यंत्राच्या स्वस्त लेसनं असंच मारलं. त्यांच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शालीला तसं काही नाही, आणि यंत्राच्या मालावर 'हातानं विणलेली' लिहिणाऱ्याला कोणी विचारतही नाही. स्वस्त शाल विकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाचशेत हवी असणाऱ्यानं खुशाल घ्यावी. पण चिठ्ठीवर खरं लिहा. एक शाल विणायला तयार हाताला वीस-बावीस तास लागतात, ते तास दुसऱ्याच्या नावानं विकू नका.

दुकान आता विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर आहे. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा चढली तेव्हा लडी कोरड्या राहिल्या. प्रत्येक शालीसोबत आम्ही त्याच लॉटची वीतभर लोकर देतो, दुरुस्तीसाठी, आणि विणणाऱ्या बाईचं नाव तिच्याच अक्षरात. जाऊबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्या आता विणत नाहीत. तयार कडेवरून बोट फिरवून पिकॉट तपासतात, आणि कमी साखळीचा एक असला तरी त्यांच्या बोटाला कळतो.

त्या व्यापाऱ्याची एक शाल आम्ही पैसे देऊन विकत आणली आहे. प्रदर्शनाला जाताना ती सोबत नेतो आणि आमच्या शालीशेजारी त्याच्या चिठ्ठीसकट पालथी मांडतो, कडा वर करून. गिऱ्हाईक दोन्ही हातात घेतं, उलटसुलट बघतं. मावशी स्टॉलवर बसून विणत असतात. यंदाही डिसेंबरात मांडणार आहोत.