तुम्ही विचारलंत म्हणून : मोठं होताना आपल्यातलं काही जातंच का?

मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, आणि अभ्यासाबाहेरचा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. पोरं बारावी संपायला आली की विचारतात, "मॅडम, मोठं झालं की आपल्यातलं काहीतरी जातंच का हो?" आणि तोच प्रश्न त्यांचे आईवडील गावाकडून भेटायला आले की व्हरांड्यात उभं राहून वेगळ्या तोंडानं विचारतात, "बाई, लेकरू पहिल्यासारखं राहिलं नाही बघा." दरवेळी घंटा होते आणि उत्तर अर्धंच राहतं, म्हणून आज नीट लिहिते.

हो, जातं. मनातलं मूल कायम तसंच राहतं वगैरे मी कुणाला सांगत नाही, कारण मला ते खरं वाटत नाही आणि पोरांनाही ते पटत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

माझ्या विषयातलंच सांगते. आईच्या पोटात असताना आपला पंजा आधी सपाट असतो, बोटांच्या मधे पेशींचा पडदा असतो, मग त्या मधल्या पेशी ठरल्यासारख्या मरतात आणि बोटं सुटी होतात. म्हणजे आपण पेन धरतो, भाकरी थापतो ती बोटं मिळाली तीच मुळात काहीतरी मेलं म्हणून. मेंदूचंही तसंच. शिकागोच्या पीटर हटनलॉकर या डॉक्टरांनी मेलेल्या माणसांच्या मेंदूचे नमुने घेऊन पेशींमधल्या जोडण्या मोजल्या, १९७९ साली ते छापून आलं, त्यात कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या लेकरांच्या जोडण्या मोठ्या माणसापेक्षा साधारण ५० टक्क्यांनी जास्त दाट निघाल्या. पुढं वापरातल्या टिकतात, बाकीच्या काढून टाकल्या जातात, आणि हे काम या भागात विशीपर्यंत चालूच असतं. ज्यांच्या घरी ज्वारी असते त्या पोरांना मी विरळणी म्हणते आणि त्यांना पुढचं सांगावं लागत नाही, दाट उगवलेली सगळीच रोपं ठेवली तर एकालाही कणीस धड भरत नाही.

आणि गेलेलं काही फालतूच असतं असंही नाही. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा १९८४ चा प्रयोग आहे, इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या त आणि ट मधला फरक बरोबर ओळखत होती, आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांची ती ओळख गेली. आपल्या घरातल्या बाळांची ती टिकते कारण ते आवाज दिवसभर कानावर पडतात, पण आपलीही दुसऱ्या कुठल्यातरी भाषांच्या आवाजांची ओळख अशीच गेलेली असते आणि ती गेली हे आपल्याला कळत पण नाही. त्या बदल्यात आपली भाषा पक्की होते.

हे सगळं मी शांतपणे शिकवते, पण एक ठिकाण आहे जिथं मला शांत राहता येत नाही. मला आजीनं सांभाळलं. आई शेतात जायची, मी आजीच्या कडेवर, आणि मी अडीच वर्षांची असताना आजी गेली. मला तिचं काहीही आठवत नाही, चेहरा नाही, आवाज नाही. बहुतेक मोठ्या माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याच्या आधीचं पुसलं जातं, आठवणी साठवणारा मेंदूचा भाग तेव्हा स्वतःच बांधला जात असतो. हे मला माहीत आहे आणि तरी वाईट वाटतं, कारण ती जिच्याशी दिवसभर बोलायची ती मुलगी मीच होते आणि त्या मुलीकडं मला जाता येत नाही. आई म्हणते झोपताना तू अजून तिच्यासारखाच पदर मुठीत धरतीस. मला आठवत नसलेलं माझ्या हाताला माहितंय म्हणजे. त्यामुळं गेलं म्हणताना मी जरा जपूनच म्हणते, आठवण गेली आणि माणूस गेलं ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

पण हे झालं आपोआप जाणारं. त्याला कुणाचा दोष नाही. व्हरांड्यातले आईवडील जे म्हणतात ना, ते बहुतेकदा हे नसतंच.

एक पोरगा होता, निलंग्याकडचा. पहिल्या महिन्यात शिकवता शिकवता खिडकीबाहेर पक्ष्याचा आवाज आला आणि हा मागच्या बाकावरनं म्हणाला, "मॅडम, होला घुमायलाय." सगळा वर्ग हसला. त्याच्या बोलण्याला हसला, होल्याला नाही. मी रागावले वर्गाला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतर कळलं की त्याला टिटवी, चंडोल, कोतवाल सगळे आवाजावरून कळायचे, बापाबरोबर राखणीला जाऊन जाऊन शिकलेला, आणि वर्षभरात त्यानं प्राण्यांचं वर्गीकरण पाठ केलं, मार्क चांगले पाडले, 'करायलाय' चं 'करतोय' केलं आणि खिडकीकडं बघणंच सोडून दिलं. बारावीच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याला मुद्दाम एकटा असताना विचारलं, बाहेर काय ओरडतंय रे? त्यानं आधी दाराकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि मग मान न वळवता हळूच सांगितलं, टिटवी, अंडी असतील तिची. म्हणजे गेलं नव्हतं. त्यानं ते दडवून ठेवलं होतं, आणि अजून पाच-दहा वर्षं असंच दडवलं तर मग खरंच जाईल, कारण न वापरलेलं जातं हे तर वरच लिहिलंय.

याचा मला राग येतो, आणि तो राग मोठं होण्यावर नाही.

वेळ अमावस्येचंच घ्या, मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात जाऊन पूजा करायचा आमचा सण. आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहर ओस पडतं, सुट्टी असते, जो तो शेतात, कडब्याची कोप, पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड, डोक्यावर अंबिलाचं बिंदगं घेऊन चाललेल्या बाया. आणि त्याच सुमाराला नीटची रिव्हिजन जोरात असते म्हणून कितीतरी पोरं हॉस्टेलवरच थांबतात. दुसऱ्या दिवशी एसटीतून डबा येतो, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि बाटलीत घट्ट बूच लावून अंबील, जी तोपर्यंत फारच आंबलेली असते आणि पोरं ती तरीही पितात. त्यांना मी चुकलात म्हणत नाही, डॉक्टर व्हायचंय तर अभ्यास करावाच लागतो. पण त्यातली काही पोरं आपल्याला ते सगळं आवडतच नव्हतं असं बोलायला लागतात तेव्हा मी तिथंच थांबवते. नाही गेलास ठीक आहे, पण आवडत होतं हे तरी मान्य कर. आवडलेलं नाकारलं की पुढच्या वर्षी जायला काही कारणच उरत नाही.

आणि काही लेकरं अशी येतात की त्यांना हा प्रश्न विचारायचा हक्कसुद्धा मिळालेला नसतो. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या घरातली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईबाप कारखान्यावर निघाले की थोरली पोरगी बरोबर, बारक्याला सांभाळायला आणि फडावर भाकरी करायला. काही गावांत हंगामी वसतिगृहं असतात, तिथं राहिली तर शाळा टिकते, नाही तर पाच-सहा महिने गेले. अशी एक मुलगी माझ्याकडं होती, वर्गात लहानपणच्या खेळांचा विषय निघाला तर ती बाकीच्यांच्या तोंडाकडं बघत बसली, आणि मग म्हणाली, "मला नाही माहीत मॅडम, मी बारक्याला खेळवायचे." तिच्यातलं काही हरवलं म्हणायला आधी ते तिच्या वाट्याला यायला पाहिजे होतं. तिला मी विरळणी आणि मेंदू कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून माझं उत्तर प्रत्येकाला वेगळं असतं. पोरगं आता रडत नाही, बापाच्या मांडीवर बसत नाही, सारखं बोलत नाही, अशी तक्रार असेल तर मी सांगते काळजी करू नका, हे जायचंच होतं, तुमचंही गेलंय. पण पोरगं गाणं म्हणायचं आणि आता म्हणत नाही, गावाचं नाव विचारलं की तालुक्याचं सांगतं, मित्र आले की आईला आत जा म्हणतं, असं असेल तर मी विचारते कोण हसलं होतं आणि कधी. त्याचा शोध लागतो. पोरं सांगतात, नीट बसून विचारलं तर सांगतात, आणि सतराव्या वर्षी तर अजून बराच वेळ हातात असतो.

तर पुढच्या वेळी विचाराल तेव्हा नुसतं 'कायतरी हरवलंय' म्हणू नका. काय ते सांगा, एखादी गोष्ट, नावानिशी, आणि शेवटची कधी बघितली होती ते. मग बसून बोलू, मधल्या सुट्टीत नको, चारनंतर या.