सासूबाई म्हणाल्या पित्त, मी म्हटलं खरूज

डॉक्टरकी शिकल्यावरचा सरकारी नोकरीचा बाँड पूर्ण करायला कोकणात एका ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हाची गोष्ट आहे ही. जुलै महिना, पाऊस नुसता कोसळतोय, आणि ओपीडीत अर्धे पेशंट तापाचे तर अर्धे खाजेचे, कारण कपडे चार चार दिवस वाळत नाहीत आणि मग घरोघरी गजकर्ण, जोडीला खरूज.

त्या गर्दीत ही आली. दुसरं बाळंतपण, ३३वा आठवडा, सोबत सासूबाई. अंगाला खाज सुटते, रात्री जास्त, झोप नाही. मी हात बघितले, मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे. पावसाळा, रात्रीची खाज, ओरखडे, झालं की निदान! पर्मेथ्रिनचं लोशन लिहिलं, घरातल्या सगळ्यांनी लावा, अंथरुणं गरम पाण्यात काढा, पुढचा पेशंट.

सासूबाई मात्र हलेनात. "मॅडम, पित्त उठलंय हो तिला. आमसुलाचं पाणी लावतोय, पण बसत नाही." मला मनातून हसूच आलं. म्हटलं, "काकू, पित्त असतं तर गांधी उठल्या असत्या, दिसतायत का कुठे?" त्या नाही म्हणाल्या आणि मी वाद जिंकला.

अकरा दिवसांनी ती परत. घरातल्या पाचही जणांनी इमानदारीत लोशन लावलेलं, खाज फक्त हिलाच, आणि ती वाढलेली. मी परत हात बघणार इतक्यात लक्ष गेलं, तिने चप्पल काढून पायाचा तळवा स्टुलाच्या लोखंडी पायावर घासायला घेतला होता. बोलता बोलता, तिला स्वतःलाही कळत नव्हतं. विचारलं, तळव्यांना खाजतं का गं? तर म्हणे, "तिथंच तर जास्त. हाताचे नि पायाचे तळवे. रात्री दोनला उठून न्हाणीतल्या ओल्या दगडावर उभी राहते, तेवढं बरं वाटतं."

तळव्यांवर एक पुटकुळी नाही, पुरळ नाही, काही नाही. तेव्हा कुठे मी तिचं माता-बाल कार्ड नीट उघडलं. पहिल्या बाळंतपणापुढे लिहिलेलं, ३७व्या आठवड्यात मृत जन्म. हे पान अकरा दिवसांपूर्वीही तिथेच होतं, मी उलटलं नव्हतं. आणि तेव्हाही अशीच खाज होती का विचारलं तर ती मान खाली घालून हो म्हणाली. मला त्या पावसात घाम फुटला.

रक्त घेतलं. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) ०.९, एकदम नॉर्मल, डोळे पांढरेशुभ्र. पण एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढतं ते एन्झाइम, २१६, खूपच वाढलेलं. आमच्या लॅबवाल्या दादांना वाटलं सॅम्पल बदललं, त्यांनी परत लावून बघितलं, तेवढंच. काविळीच्या विषाणूंच्या टेस्ट निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडे नाहीत. माझा संशय गरोदरपणातल्या कोलेस्टॅसिसवर, म्हणजे यकृतातून पित्त नीट न वाहण्याच्या आजारावर होता. आता हवी होती बाईल अ‍ॅसिडची (पित्तातल्या आम्लांची) टेस्ट, जी आमच्याकडे होत नाही, म्हणून सॅम्पल खासगी लॅबमधून मुंबईला, रिपोर्ट तीन दिवसांनी.

ते तीन दिवस तिला घरी सोडलंच नाही, वॉर्डात ठेवलं. बाळाच्या ठोक्यांचा पट्टा रोज चांगला येत होता पण त्याचा दिलासा नव्हता, या आजारात पट्टा काल चांगला होता म्हणून आज बाळ सुखरूप असेलच असं नसतं.

रिपोर्ट आला, बाईल अ‍ॅसिड ११८. साधारण १९ च्या वर गेलं की या आजाराचं निदान होतं. ४० च्या आत असेल तर पोटात बाळ दगावण्याचा धोका हजारात एखादा, म्हणजे इतर गरोदर बायकांइतकाच, पण १०० च्या वर गेलं की तो शंभरात तीनच्या पुढे जातो. २०१९ मध्ये हे आकडे लॅन्सेटमध्ये आले तेव्हा आम्ही ते परीक्षेसाठी पाठ केले होते. पाठ करणं वेगळं आणि समोर ११८ बघणं वेगळं.

सासूबाईंना समजावायला बसले. म्हटलं, काकू, यकृत कोलेस्टेरॉलपासून बाईल अ‍ॅसिड बनवतं, ते पोटातला साबण समजा, तेलतूप विरघळवायला. काम झालं की शरीर तो टाकून देत नाही, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जवळजवळ ९५ टक्के परत शोषून यकृताकडे पाठवतं, तेच काही ग्रॅम दिवसातून कितीतरी वेळा फिरत राहतात. यकृताच्या पेशीत तो साबण पित्तनलिकेत ढकलणारा पंप असतो आणि काही बायकांचा तो पंप जन्मतःच जरा नाजूक, एरवी निभतं, पण शेवटच्या तीन महिन्यांत हार्मोन्स वाढले की तो मंदावतो. मग साबण पेशीतच साठतो, पेशी दुखावतात म्हणून एसजीपीटी वर, आणि उरलेला रक्तात सांडतो. बिलिरुबिनचा दरवाजा वेगळा आहे, म्हणून डोळे पिवळे नाहीत.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पित्तच ना?"

काय बोलणार. पित्तच.

बाळाच्या फुप्फुसांसाठीची स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन, १०८ बोलावून तिला घाट चढून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. उर्सोच्या, म्हणजे उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या, गोळ्या सुरू केल्या होत्या (उर्सस म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल, हे अ‍ॅसिड आधी अस्वलाच्या पित्तात सापडलं, आता गोळ्या कारखान्यात बनतात, पण नवऱ्याला हे सांगितल्यावर तो गोळीकडे बघतच राहिला). खाज जराशी कमी होते त्याने, पण बाळाचा धोका त्या गोळीने टळतो असं इंग्लंडमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं नाही, तेही २०१९ चंच. ११८ असताना खरा उपाय वेळेत बाळंतपण. ३६ आठवडे होताच तिकडे कळा आणल्या. मुलगी, २ किलो ३००. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन, मॅडम, ती रात्रभर झोपली, बाळ रडलं तरी उठेना.

दीड महिन्याने दोघी मायलेकी दाखवायला आल्या, यावेळी तिच्या आईसोबत. एसजीपीटी नॉर्मल. तांबी बसवून घ्यायला सांगितलं, माला-एनच्या गर्भनिरोधक गोळ्या नको म्हटलं, त्यातल्या इस्ट्रोजेनने खाज परत उठू शकते. हे ऐकून तिची आई म्हणाली, "माझ्या दोन्ही येळेला असंच तळवे खाजायचे, आम्ही नारळाच्या सोडणाने घासायचो." तिच्यामागे बाकावर तिची धाकटी मुलगी, म्हणजे पेशंटची बहीण, बसली होती. लग्न झालेलं, तिसरा महिना. तिला आत बोलावलं, कार्ड मागितलं आणि पहिल्याच पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं: बहिणीला व आईला तळव्यांची खाज, खाज सुटल्यास त्याच दिवशी एसजीपीटी व बाईल अ‍ॅसिड. खाली माझा नंबर टाकला.