एक पाय उचल म्हटलं आणि ती रडायलाच लागली

माझी फिजिओथेरपीची ओपीडी संपत आली होती, मी फाईली आवरत होते तेवढ्यात रिसेप्शनवरून फोन आला की एक प्रेग्नंट पेशंट आलीय, अपॉइंटमेंट नाहीये पण तिला परत पाठवायला मन होत नाहीये. बाहेर जाऊन बघते तर ती दाराची चौकट धरून उभी, आणि चालणं म्हणजे काय, पाय उचलतच नव्हती, जमिनीवरून घासत घासत पुढे सरकवत होती. नवऱ्याच्या एका हाताला ही आणि दुसऱ्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. एकतिसावा आठवडा, दुसरी खेप.

खुर्चीत बसल्यावर पहिलंच वाक्य, "मॅडम, माझी हाडं सुटलीत का हो?"

झालं होतं असं की कोणीतरी तिला सांगितलं, प्रेग्नन्सीत ओटीपोटाखाली समोर दोन हाडं जुळतात तो पुढचा सांधा उघडतो, मग हिने रात्री जागून मोबाईलवर काय काय वाचलं आणि डोक्यात पक्कं बसवलं की आपण चाललो तर तो सांधा आणखी फाकणार. म्हणून बाईसाहेब काही आठवडे जवळजवळ पलंगावरच, बाथरूमपुरतं उठायचं. गंमत म्हणजे (गंमत कसली) तिला सगळ्यात जास्त दुखायचं ते पलंगावरच, कूस बदलताना. मी म्हटलं करून दाखव. आधी तिने पलंगाची कड पकडली, खांदे वळवले, मग श्वास रोखून थांबली, आणि मग कंबर एका झटक्यात ओढून घेतली, तोंडातून किंकाळीच. हे रात्रीतून किती वेळा? तर म्हणे मोजणं सोडून दिलंय.

आधी नेहमीचे प्रश्न. रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी वाटणं, पायात बधिरपणा, लघवी-संडासवरचा कंट्रोल जाणं, एका पोटरीला सूज. यातलं काहीही असेल तर व्यायाम वगैरे बाजूला, आधी गायनॅककडे. हिला काहीच नव्हतं. दुखणं कुठे विचारल्यावर एक बोट ओटीपोटाच्या खाली मधल्या हाडावर ठेवलं आणि तळहात उजव्या कुल्ल्यावर, वरच्या बाजूला, जिथे पाठीला खळगी पडते ना तिथे. जांघेतही दुखत होतं म्हणून खुब्याचा सांधा फिरवून बघितला, कारण शेवटच्या तिमाहीत क्वचित कोणाला खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ होतं आणि ते प्रकरण वेगळं असतं, त्यावर आपले नेहमीचे व्यायाम करून घेणं धोक्याचं. सांधा छान फिरत होता.

मग टेस्ट. या महिन्यात बाईला पाठीवर सपाट फार वेळ झोपवायचं नसतं, मोठ्या रक्तवाहिनीवर गर्भाशयाचा दाब येतो, म्हणून एका बाजूला उशी सारून थोडं तिरकं झोपवलं आणि म्हटलं, गुडघा न वाकवता पाय फक्त वीतभर वर उचल. डावा उचलला, कुंथत का होईना. उजवा हललाच नाही. नुसती मांडी थरथरली आणि डोळ्यांत पाणी. "बघा ना मॅडम, गेला पाय."

या टेस्टला शून्य ते पाच असे मार्क असतात, पाच म्हणजे उचलताच येत नाही. उजव्याला तिने पाच दिले. मी काही बोलले नाही, तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, खुब्याची हाडं बाहेरून हाताला लागतात त्याच्या जरा वर, तळहात ठेवले आणि दोन्हीकडून आत दाबून धरलं. म्हटलं आता उचल.

उचलला. पूर्ण वीतभर, वर धरूनही ठेवला. नवरा खुर्चीवरून उठून बघायला आला. ती माझ्याकडे बघतेय, पायाकडे बघतेय, परत म्हणते "हात काढा बरं", काढले, परत पाय जड. "परत धरा." ही टेस्ट मी रोज करते तरी तो क्षण मला अजून आवडतो, कारण इथे पेशंटला काही पटवून द्यावं लागत नाही, तिचाच पाय तिला सांगतो की हाडं तुटली-सुटली नाहीत, आधार कमी पडतोय आणि आधार मिळाला की काम होतं.

मग तिला नीट समजावलं. पुढच्या सांध्यात एरवीही साधारण 4 ते 5 मिलीमीटर जागा असते, गरोदरपणात ती आणखी 2-3 मिलीमीटर वाढणं हे शरीराचं ठरलेलं काम. 10 मिलीमीटरच्या पुढे गेलं तर वेगळा विचार करतात, पण तेही फार कमी जणींत. आणि फट जास्त म्हणजे दुखणं जास्त असं गणित नसतंच. सांधे सैल करणाऱ्या रिलॅक्सिन हॉर्मोनचंही तेच, सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडतात पण त्याची पातळी आणि दुखणं यांचा सरळ हिशोब लागत नाही. पुढचा एक आणि मागचे दोन असे तीन सांधे एकमेकांशी जोडलेले, वजन वाढलेलं, पोट पुढे आलेलं, त्यात हिची मोठी मुलगी कायम उजव्या कडेवर, आणि आता आठवडेच्या आठवडे झोपून स्नायू ढिले पडलेले. मग काय होणार.

"पण सगळे म्हणतात नॉर्मल आहे, डिलिव्हरीनंतर जाईल." हो, बहुतेकींचं जातं. आणि साधारण पाचातल्या एकीला हे, म्हणजे पेल्व्हिक गर्डल पेन (गरोदरपणातलं कमरेखालच्या सांध्यांचं दुखणं), होतं, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. पण कॉमन आहे म्हणून दोन-अडीच महिने रात्री किंचाळत काढायचे हे कुठलं लॉजिक, मला हे ऐकलं की खरंच चीड येते. सर्दीही कॉमन आहे, तिला गोळी घेतोच की आपण.

तिच्याकडे बेल्ट होता! पण पोटाभोवती, कमरेच्या वर, तोही रात्रंदिवस. तो काढून अरुंद बेल्ट दिला आणि बराच खाली बांधला, पँटचे खिसे असतात त्या लेव्हलला, पोटाच्या पूर्ण खाली. उभं राहून काम करताना आणि चालताना लावायचा, झोपताना काढायचा. बेल्टवाल्यांना आवडणार नाही पण माझ्या मते बेल्ट म्हणजे फक्त उसना हात, खरं काम स्नायूंनीच करायचंय.

आणि मग जवळजवळ अर्धा तास आम्ही एकच गोष्ट केली, कूस बदलणं. दोन्ही गुडघे वाकवायचे, मधे उशी, ती गुडघ्यांनी हलकी दाबून धरायची, श्वास सोडत पेल्व्हिक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू) जरासा वर ओढायचा, आणि खांदे-कंबर-गुडघे सगळं एकदम, एका लाकडाच्या ओंडक्यासारखं वळवायचं. पहिल्या वेळेला ती सवयीने खांदे आधी वळवून अडकली. नंतर जमलं, दुखलं, पण ओरडली नाही. नवरा म्हणाला "हे तर मलाही रात्री मदत करता येईल", म्हटलं अहो तेच तर, फक्त तिला एका पायाने ओढू नका. बाकी सटरफटर सांगितलं, पँट बसून घालायची, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, गाडीतून उतरताना दोन्ही गुडघे जोडून बाहेर, पावलं छोटी पण चालायचं, झोपून राहायचं नाही. मुलीला उचलणं शक्यतो नवऱ्याकडे.

निघताना तिने खरी भीती काढली. "डिलिव्हरीच्या वेळी पाय फाकवतील तेव्हा काय?" हा प्रश्न खूप कमी जणी विचारतात आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच. परत झोपवलं, गुडघे वाकवून न दुखता जेवढे बाजूला जातात तेवढे नेले, टेपने मोजलं, 28 सेंटिमीटर. ते गायनॅकसाठी चिठ्ठीवर लिहिलं, शक्यतो कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर, पाय हलवायचे तर दोन्ही एकदम. एपिड्युरल (कळा कळू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) घेतलं तर विशेष काळजी, कारण तेव्हा दुखणं कळत नाही आणि पाय नको तितके ताणले जातात, हेही. ती चिठ्ठी तिने वाचली आणि म्हणाली, "याच्या दोन कॉपी द्या मॅडम, एक ह्यांच्या खिशात राहू दे, मला तेव्हा कोण ऐकणारे."

पुढच्या व्हिजिटला उजव्या पायाला तिने दोन मार्क दिले. जिना अजून नको वाटतो म्हणाली, रात्री मात्र झोप लागते. डिलिव्हरी कुशीवर झाली, तिथल्या सिस्टरने चिठ्ठी बघून टेप मागवली म्हणे. आता बाळ दीड महिन्याचं झालं की तपासणीला बोलावलंय, काही जणींचं दुखणं नंतरही रेंगाळतं म्हणून, आणि मोठीला परत उजव्याच कडेवर घेणं सुरू झालंय का तेही बघायचंय.